दोरीनं पाहिलेली नाडी

महाराजांनी गिरजाच्या मनगटाला दोरी बांधायला सांगितली. मीच बांधली. दुसरं टोक वर फेकलं. त्यांनी त्यावर आधी पाणी शिंपडलं, मग ते उचललं. ते देवळाच्या पाचव्या पायरीवर, आम्ही खाली धुळीत. चैताचं ऊन. दोन बोटांत दोरी धरून त्यांनी डोळे मिटले.

अशी पाहिली त्यांनी माझ्या बहिणीची नाडी. तिला हात न लावता.

गिरजा माझी धाकटी बहीण. बाळंत होऊन पाच दिवस झाले होते. अंग तव्यासारखं तापलेलं, तोंडानं नुसती बडबड. सावली गावाजवळच्या आमच्या खेड्यात औषध मिळायचं ते याच देवळात. पुजारी तेच, वैद्य तेच. वरच्या जातीची माणसं ओसरीवर बसून जीभ दाखवत. आम्हा महारमोहल्ल्यातल्यांना पहिली पायरीही बंद.

महाराज म्हणाले, "हा ताप नाई. पाप आहे. तुमच्यातलं कोणीतरी पायरीले शिवलं असन."

माय हात जोडून म्हणाली, "मायबाप, काई तरी औषध द्या."

"आधी देवाची माफी माग. तीन दिवस देवळाभोवती लोटांगण घाल. बाहेरून. मंग पाहू औषधाचं."

मायनं लोटांगण घातलं. गोटे, काटे, शेण. वावरात जाणारी माणसं तिला वळसा घालून जात. तिचे गुडघे सोलून निघाले. मी बाळ मांडीवर घेऊन गिरजाच्या तोंडात पाणी सोडत बसले. माझाही विश्वास होता. तो पहिला दिवस मी मुकाट्यानं जाऊ दिला.

दुसऱ्या दिवशी गावचा जमीनदार असलेल्या मालगुजाराच्या वाड्यामागं गोठ्यातलं शेण काढत होते. त्याची सूनही बाळंतीण. तिलाही ताप. मागच्या खिडकीतून महाराजांचा आवाज आला.

"येळ लावू नका. बाळंतरोगात देव-धरम चालत नाई, सुई पाहिजे. आत्ता मोटार पाठवा चांद्याले, डॉक्टर आणा."

शेणाची पाटी हातातून पडली. त्याला माहीत होतं. सगळं माहीत होतं. रोग कोणता, औषध कोणतं, मिळतं कुठं. तरी आम्हाला त्यानं पाप दिलं.

धावत देवळासमोर गेले. माय धुळीत पालथी पडली होती. तिला दंडाला धरून उभी केली.

महाराजही मागून तिथं आला. म्हणाला, "अजून फेऱ्या बाकी आहेत."

"मालगुजाराच्या सुनंनं कोणतं पाप केलं, महाराज? तिले सुई अन् माह्या बहिणीले दोरी काऊन?"

महाराज पायऱ्या चढून वर उभा राहिला.

"जीभ सांभाळ. देव कोपन."

"कोपू द्या."

मोहल्ल्यातल्या सोमाभाऊंनी बैलगाडी जुंपली. मूल गावापर्यंत रात्रभर गाडी, तिथून सकाळी मोटार. चांद्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरनं गिरजाच्या कपाळावर हात ठेवला, पोट दाबून पाहिलं. जात विचारली नाही. सुई दिली. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, दोन दिवस आधी आणायचं होतं."

गिरजा त्याच दुपारी गेली. बाळ माझ्या मांडीवर राहिलं.

मालगुजाराची सून वाचली. तिच्यावर माझा राग नाही. तीही लेकुरवाळीच.

गावात महाराजानं सांगितलं, थोरल्या पोरीनं मायचं तप मोडलं म्हणून देवानं धाकटी नेली. लोकांनी मानलं. मायनंही मानलं. कितीतरी दिवस ती माझ्याशी बोलली नाही. माझ्याच मायला त्यानं माझ्यावर उलटवलं, हे मी त्याला माफ करणार नाही.

पुढच्या पावसाळ्यात मोहल्ल्यातल्या चंद्रभागाला बाळंतपणात ताप भरला. तिची सासू सुनेला धरून देवळाकडं निघाली. मी वाट अडवली.

"सर बाजूले," सासू म्हणाली. "देवाचा कोप घेतं का डोक्यावर?"

"घेतो. सोमाभाऊ, गाडी जुंपा."

ज्याला देव हवा त्यानं तो घरात ठेवावा. माझी ना नाही. पण आजारी माणसाला औषधाआधी पाप विचारणाऱ्याच्या दारात आमच्या मोहल्ल्यातली एकही बाई बसणार नाही. गाव वाळीत टाको, माय बोलो न बोलो. मी जिवंत आहे तोवर नाही.