वैशाखात धरलेली ओल

सोलापुरात ओलीला कोण भितंय? इथं उन्हाळ्यात ओठ फुटतात, दोरीवरचा टॉवेल तासाभरात पापडासारखा कडक होतो. त्यामुळं शुक्रवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत कूलर आला तेव्हा मी फक्त धुळीचा विचार केला. मुलगी आठ वर्षांची, तिला दमा. गल्लीतली धूळ आत आली की ती खोकते, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून कूलर आत कोपऱ्यात, खिडक्या बंद, आणि दारावर भिजवलेली जाड चादर. घर गारेगार, आणि मी स्वतःवरच खूश.

सासूबाईंना, म्हणजे आत्यांना, ते सोसायचं नाही. त्यांचं सगळं आयुष्य मंद्रूपला अंगणात गेलेलं. "आगं, खिडकी उघड की जरा. कोंदाटलंय समदं," म्हणायच्या.

"उघडते की. धूळ खाऊन पोरगी आजारी पडली की तुम्हीच बघा मग," मी म्हणायचे. माझी जीभ पहिल्यापासून तिखट आहे, लपवून काय उपयोग.

मे लागला आणि पोरीचा खोकला वाढला. मला कुणावर तरी खापर फोडायचं होतं आणि आत्यांची उदबत्ती समोरच होती. धूर तुमचा, त्रास तिला, असं मी तोंडावर बोलले. त्यांनी त्याच दिवशी उदबत्ती बंद केली. दोन दिवसांनी पिशवी भरली. "माज्यामुळं हुत आसंल तर जाते बाई मी गावाला." नवरा कामावर होता. मीच त्यांना स्टँडवर सोडलं आणि खरं सांगते, परत येताना मला हलकं वाटलं.

पोरीजवळ कुणीतरी हवं म्हणून मी ऑफिसातून रजा काढली. दिवसभर घरात, कूलर चालू, खिडकीला फटसुद्धा नाही. आणि खोकला कमी व्हायचा सोडून वाढतच चालला. डब्यातलं मीठ ओलं झालं, तळायचे पापड मऊ पडले. वैशाखात पापड मऊ, तरी माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही. मी पोरीच्या पाठीवर हात ठेवून बसायचे. श्वास आत जाताना तिच्या गळ्याखालचा खळगा ओढला जायचा. चौथ्या दिवशी दुपारी "आई, पाणी" एवढे दोन शब्दही तिला एका दमात बोलता येईनात. पंप देऊनही उतार पडेना. तिला उचलून रिक्षात घातलं.

दवाखान्यात तिला वाफेचा मास्क लावला. तासाभरानं ती जरा निवली. डॉक्टरांनी घरचं विचारलं तर मी मोठ्या तोऱ्यात सगळं सांगितलं, धूळ कशी येऊ देत नाही ते.

"कूलर आत आणि खिडक्या बंद?" ते लिहायचे थांबले. "अहो, त्याची ओली हवा बाहेर जायला वाट नको का? घरात ओल साचली की बुरशी धरते. दम्याच्या पोरांना ती फार वाईट."

घरी येऊन कपाट सरकवलं. मागची भिंत काळ्या ठिपक्यांनी भरलेली. गादीची खालची बाजू दमट, कुबट. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी.

संध्याकाळी मंद्रूपला फोन लावला. "आत्या, चुकलं माझं. बंद खिडक्यांनीच झालं हे सगळं."

त्या हळूच म्हणाल्या, "मी हुते तवर उघडत हुते की. तू हापिसला गेलीस की दोनी खिडक्या उघडायची, कूलर बंद करायची. तू यायच्या येळंला मी समदं पुन्ना लावायची. तू रागावतीस म्हनून बोलले न्हाय. पोरीचा दम कसा हाय आता?"

पोरीला दिवसभरात जेवढी म्हणून मोकळी हवा मिळत होती, तेवढी मीच एसटीत बसवून गावाला पाठवली होती.