विमानाची शेपूट आपल्याकडे

हिंदुरावचा हात थरथरतो, असं कंपनीच्या तपासणीत निघालं आणि त्याला क्रेनच्या केबिनमधून उतरवून गेटवर बसवलं. चाकणच्या त्या शेडमध्ये अर्धं आयुष्य त्यानं छताखाली लटकून काढलं होतं. आता ट्रक आला की दांडा वर, गेला की खाली. घरी आल्यावर तो उजवा हात मांडीखाली दाबून बसे.

लेकीनं, उत्कर्षानं, रिमोटवर उडणारं थर्माकोलचं विमान आणलं. "पप्पा, हे जमिनीवरूनच उडवायचं असतं." ती सहज बोलली. त्याला मात्र एवढंच जाणून घ्यायचं होतं, हात खरंच गेलाय का.

रिमोटला दोन दांड्या. डावी पुढं ढकलली की नाकावरचा पंखा जोरात फिरे. उजवी आपल्याकडं ओढली की विमान नाक वर करणार. हे त्याला शिकावं लागलं नाही, क्रेनचा हूकही अशीच दांडी ओढली की वर यायचा. मग विमानाचं नाक आपल्याकडं करून त्यानं ते स्टुलावर ठेवलं. उजवी दांडी उजवीकडं नेली की उजव्या पंखाच्या मागच्या कडेची पट्टी उचलायला हवी, म्हणजे विमान उजवीकडं कलतं, असं माहितीपत्रात होतं. उचलली डावीकडची.

"उलटं जोडलंय लेकाच्यांनी," म्हणत त्यानं रिमोटवरचं बटण फिरवून दिशा पालटली. शेपटीच्या उभ्या पट्टीचंही तसंच केलं.

रविवारी तो भोसरीच्या भिवाला घेऊन माळावर गेला. क्रेनखाली उभं राहून केबिनकडं तोंड करून इशारे देणारा, तो भिवा.

"डोक्यावर पाडू नगंस राव, आज हेल्मेट न्हाई," म्हणत भिवानं विमान सोडलं.

ते चढलं, जरा डावीकडं कललं. हिंदुरावनं दांडी उजवीकडं नेली. ते आणखी डावीकडं कललं. त्यानं दांडी टोकापर्यंत दाबली, तसं ते गरकन फिरून गवतात घुसलं.

हिंदुरावनं रिमोट गवतावर ठेवला. "गेला हात, भिवा."

भिवानं विमान उचलून आणलं. पंखाचं टोक मोडलं होतं. "दांडी हलव बरं." पट्टी उलटीच उचलली. " हे तपासलंस कसं? समोरनं?"

"मग कुठून?"

"आरं, आपला जन्म समोरासमोर गेला. माझा उजवा त्यो तुझा डावा. ह्याला काय ठावं? ह्याच्या मागं बसून बघायचं, बैलगाडीवर बसतो तसं."

"आणि हात?"

"घट्ट हुता की. थरथरला असता तर वाचलं तरी असतं."

हिंदुरावला हसू आलं नाही. हात आता मात्र थरथरत होता, रोज थरथरतो तेवढाच. त्यानं विमानाची शेपूट आपल्याकडं केली, दोन्ही बटणं परत फिरवली, पंखाला चिकटपट्टी लावली.

विमान घेऊन भिवा सवयीनं समोर जाऊन उभा राहिला.

"तिकडं नको," हिंदुराव म्हणाला. "इकडं, माझ्या बाजूला ये. इथूनच सोड."

भिवा आला. हिंदुरावनं डावी दांडी हळूहळू पुढं ढकलली.