दत्ताकाकांचे मोजे

दत्ताकाका नव्या गावात पोचले की आधी एक बाक शोधायचे आणि त्यावर निवांत बसायचे. नकाशा हातात धरून आपण ताटकळतोय, याची त्यांना फिकीर नसे. "बस ना बाप्पा," ते म्हणायचे, "आधी गावानं आपल्याला पाहू दे, मग आपण गाव पाहू." मला या तत्त्वज्ञानाचा मनस्वी राग यायचा.

काका मूळचे नागपूरचे, पुलांचे निवृत्त इंजिनिअर. इकडे अमेरिकेत, मॉरिसव्हिलला, आमच्या मागच्या गल्लीत एकटेच राहायचे. मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांना दोन तासांवरचं न्यू बर्न दाखवून आणायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. इतकं लांब येऊन ही माणसं दिवसभर खिडकीतून एकसारखी घरं बघत बसतात, याचं त्यांना वाईट वाटे. "नायगारा सगळेच दाखवून राहिले," ते म्हणायचे. "हे लहानसं जुनं गाव आहे, दोन नद्यांच्या काठचं. पायी फिरता आलं की म्हाताऱ्या माणसाला गाव आपलं वाटते."

बाबा गेल्यावर मी आईला मिरजेहून इकडे आणलं. ती जेवायची, भांडी आवरायची, विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची. एक दिवस म्हणाली, "माझं परतीचं तिकीट अलीकडचं कर." त्या रिकाम्या घरात ही एकटी कशी राहणार, या काळजीने मी हवालदिल झाले आणि काकांना फोन केला.

शनिवारी रिवाजाप्रमाणे आम्ही नदीकाठी बाकावर बसलो. मग गव्हर्नरचा राजवाडा पाहिला. "वहिनी, हा एकदा जळला होता," काका म्हणाले. "जुन्या नकाशांवरून पुन्हा बांधला." "असं?" आई म्हणाली, बस्स. या गावाचं चिन्ह अस्वल, त्यामुळे जागोजागी रंगवलेली अस्वलं उभी. त्यांच्याशेजारीही ती फोटोपुरती उभी राहिली.

पुढे एक विटांचं जुनं चर्च होतं. दाराशी आईने सवयीने चपला काढल्या आणि कडेला नीट लावून ठेवल्या. आत पाऊल टाकल्यावर तिच्या लक्षात आलं, सगळे बुटांतच फिरताहेत. दारातल्या आजीबाईंनी हसून चपलांकडे बोट दाखवलं, घाला म्हणून. "आई, इथे काढत नाहीत गं," मीही कुजबुजले. आईचा चेहरा एवढासा झाला. ती मागे फिरणार, तेवढ्यात काका खाली वाकले. नाड्या सोडून त्यांनी आपले बूट आईच्या चपलांशेजारी ठेवले. उजव्या मोज्यातून अख्खा अंगठा बाहेर! तशाच थाटात ते आत चालू लागले.

आईने तो अंगठा पाहिला, तोंडाला पदर लावला आणि मागच्या बाकावर बसून हसत सुटली. हसता हसता रडायला लागली. "ह्यांचंही अस्संच," ती म्हणाली. "नवे मोजे कपाटात आणि पायात भोकाचे!" परतीच्या वाटेवर दोन तास ती बाबांबद्दलच बोलत होती. काका गाडी चालवत "हो का?" म्हणत राहिले.

घरी उतरताना मी त्यांना हळूच म्हटलं, "काका, मोजा फाटलाय."

"सकाळीच ठाऊक होतं. आज बूट काढायचे नाहीत असं ठरवूनच निघालो होतो. पण वहिनी एकट्या अनवाणी कशा राहतील?"

तिकिटाचा विषय आईने पुन्हा काढला नाही, पुरते सहा महिने राहिली. मिरजेला गेल्यावर इकडे येणाऱ्या कुणाबरोबर तरी तिने काकांसाठी लोकरीचे मोजे विणून पाठवले. काका भलतेच खूश झाले होते.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. घर आवरायला त्यांची मुलगी फ्रिस्कोहून आली, तेव्हा मी मदतीला गेले. कपाटाच्या वरच्या कप्प्यात आईचे मोजे होते, तिने बांधलेल्या दोऱ्यासकट. एकदाही पायात न घातलेले.

मी तिथूनच आईला फोन करून सांगितलं. पलीकडून तिचा त्या चर्चमधला आवाज पुन्हा ऐकू आला, हसते आहे की रडते आहे, काही कळू न देणारा.

"वाटलंच होतं मला," आई म्हणाली. "ह्यांच्यासारखेच."