धबधब्यापाशी घेतलेलं नाव

आमचे हे कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात बॉयलरवर कामाला होते. एकानं त्या लोखंडी पोटात शिरून बसायचं आणि दुसऱ्यानं बाहेरून घण घालायचा, असलं ते काम. त्या घणाखाली त्यांचे कान गेले. एकदम नाही गेले. आधी चिमण्या गेल्या, मग दाराची कडी गेली, मग मी गेले.

दोन खोल्यांचं आमचं बिऱ्हाड, बाहेरच्या खोलीत सासूबाई. आमच्यात बाईनं नवऱ्याशी बोलायचं ते मान वळवून, पदराचा काठ ओठांवर धरून, आणि तेही हळू. नवऱ्यावर ओरडणारी बाई म्हणजे घराण्याला बट्टा. आता ज्याला ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही आणि जिला ओरडायची सोय नाही, अशा दोघांनी संसार करायचा तरी कसा? मी विचारावं, भाकरी वाढू का, तर हे म्हणत, उद्या बघू. पुढं पुढं नुसतं ‘हं’ म्हणू लागले. मग मीही विचारायचं सोडलं. सासूबाईंना वाटे, लेकाला माज आलाय, आईच्या हाकेला ओ देत नाही, आणि त्याचे कान फुंकणारी मीच. मला राग यायचा आणि रडूही यायचं. माझा माणूस रोज घरी येत होता आणि तरी माझ्या हातून निसटत चालला होता.

कारखान्यात सावंतवाडीकडचा एक फिटर होता. त्याची बहीण आंबोलीला दिलेली. श्रावणात एकदा आमचा डोंगर बघून जा, असं तो ह्यांना सारखं म्हणायचा. अरुंद रुळांवरची आमची छोटी गाडी तेव्हा नुकतीच थेट मिरजेपर्यंत जाऊ लागली होती आणि रेल्वेचा पास होताच. एक दिवस हे घरात येऊन म्हणाले, “डोंगर बघाय जायचं. तू न् मी.”

सासूबाई म्हणाल्या, डोंगर काय बघायचेत, जायचंच तर करमाळ्याला देवीला जा. देव नाही, लग्न नाही, मयत नाही, आणि नवराबायको उगाच गाडीत बसून निघालीत, हे त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. ह्यांना ते ऐकू आलं नाही की ऐकायचं नव्हतं, देव जाणे. बहिरेपणाचा तेवढा एक फायदा.

मी कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि घोंगडी घेतली. वर फिरकीच्या झाकणाचा तांब्या भरून पाणी घेतलं. पाण्याच्या मुलखात पाणी घेऊन चालले होते, पण आमच्या बाजूच्या बाईचा पाय पाण्याशिवाय उंबऱ्याबाहेर पडत नाही, त्याला काय करणार!

मिरजेहून बेळगाव आणि तिथून सर्व्हिस मोटार. शेतांत पाणी तुंबलेलं, आणि ते म्हणे मुद्दाम तुंबवलेलं. पुढं रान लागलं. हिरवं म्हणजे काय, ते मला तोवर माहीतच नव्हतं, असं सरळ सांगते. आमच्याकडं हिरवं म्हणजे विहिरीजवळचा घासाचा तुकडा नाहीतर बांधावरची बाभळ. इथं दगड हिरवा, कौल हिरवं, झाडाच्या खांद्यावर दुसरं झाड उगवलेलं आणि त्याच्यावर आणखी काही लोंबतंय. ढग आभाळात असतो अशी माझी समजूत. इथं तो रस्त्यावर आडवा आला आणि मोटारीत शिरून माझ्या मांडीवर बसला. देवानं आमच्या वाट्याचंही सगळं इथंच ओतलं की काय, असं मनात आलं, पण हेवा वाटला नाही. बघून बघून डोळे भरून आले.

फिटरच्या बहिणीचं घर कौलारू होतं. पागोळ्या धो धो गळत होत्या. मी तिची दिसतील ती भांडी नेऊन पागोळ्यांखाली मांडली. तिनं विचारलं, हे कशाला? मी म्हटलं, उद्याला पाणी नको का? ती हसत सुटली आणि मला हाताला धरून मागच्या दारी घेऊन गेली. तिथं भिंतीला लागूनच ओढा वाहत होता. तरी तांदळाचं धुवण टाकून द्यायला माझा हात काही धजेना.

पण त्या घरात मला एक दुखणं लागलं. पहाटे माणसासारखी शीळ घालणारा एक पक्षी ओरडायचा. कौलांवर पाऊस कधी दळल्यासारखा, कधी कांडल्यासारखा वाजायचा. ह्यांना सांगावं म्हणून मी वळायची आणि गप्प बसायची. त्या सुंदर आवाजांचाच मला राग येऊ लागला. हे खिडकीशी बसून नुसतं बघत राहायचे.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंच घाटरस्त्यानं धबधबा बघायला निघालो. एकच घोंगडी दोघांवर. आमच्या धनगरांनी विणलेली, गावी कधी धड न भिजलेली ती घोंगडी इथं पाणी पिऊन पिऊन म्हशीएवढी जड झाली. मी ती दोन्ही हातांनी डोक्यावर पेलून धरली होती.

धबधबा आधी पायांना कळला. जमीन थरथरत होती. मग धुकं बाजूला झालं आणि समोर आभाळातून पाणी पडताना दिसलं. आभाळातूनच म्हणते, कारण वर त्याचं टोक दिसतच नव्हतं. पांढरं, जाड, न थांबणारं. गाभाऱ्याचं दार अचानक उघडावं तसं मला झालं. जन्मभर मी आडावर घागर भरायला नंबर लावला होता. आणि हे कुणासाठी पडत होतं? कुणासाठीच नाही. माणूस असो नसो, ते पडतच होतं. मला माझी सगळी दुःखं तिथं एवढीएवढीशी वाटली.

ह्यांच्याकडं पाहिलं, तर त्यांचे ओठ हलत होते. मला काही म्हणजे काही ऐकू येईना. मी ओरडून विचारलं, काय म्हणता? माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. हे माझ्याकडं बघून हसले. कित्येक महिन्यांत असे मोकळे हसले नव्हते.

तेव्हा माझ्या अंगात काय आलं कुणास ठाऊक. इथं कितीही ओरडलं तरी ऐकणारं कोण? नवरा बहिरा आणि पाणी असलं. मी आधी ‘अहो’ म्हणून बोंब ठोकली. मग त्यांचं नाव घेतलं. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर कधी नाही. एकदा घेतलं, दोनदा घेतलं, मग घशाच्या शिरा ताणून घेत राहिले. पदर वाऱ्यानं कधीच खांद्यावर गेला होता, आणि हात घोंगडीत अडकलेले.

हे माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होते. हसू थांबलं. जवळ आले, माझ्या कानाला तोंड लावून म्हणाले, “माजं नाव घेतलंस.”

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

“आनि एकदा घे की,” हे म्हणाले.

परतताना आवाज मागं पडल्यावर एका फणसाखाली आम्ही टेकलो. तुम्हाला ऐकू कसं आलं, असं मी विचारलं. पण सवयीनं मान वळवून. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं.

“आयकू कुटलं येतंय. बॉयलरपाशी कुनालाच आयकू येत न्हाय. समदे तोंडं बघून बोलत्यात. तितं माजं काय अडत न्हाय. घरात तू पदरामागनं बोलतीस. मला निस्ता पदर दिसतोय.”

माझ्या डोळ्यांतून ऊन ऊन आसवं गळाली. मग त्या झाडाखाली, तोंड उघडं ठेवून, मी साठलेलं सगळं बोलत सुटले. माहेरची गाय व्यालेली, शेजारणीचं भांडण, माझ्या भावाचं मोडलेलं लग्न. आणि शेवटी हेही सांगितलं, की तुम्ही जवळ असून मला फार एकटं वाटत होतं. एवढं सगळं हिरवं सोडून हे माझ्या ओठांकडंच बघत होते. एकही उत्तर चुकलं नाही.

घरी आल्यावर संध्याकाळी मी ह्यांना जेवायला वाढलं. सासूबाई दारात जोंधळे पाखडत होत्या. मी ह्यांच्या समोर बसले. पदर डोक्यावर घेतला, तोंडावर नाही. कालवण तिखट झालंय का, असं विचारलं, तेही हळूच.

“न्हाय. बरं झालंय,” हे म्हणाले.

सूप थांबलं. आता तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून मी मान खाली घातली. सासूबाई उठल्या, आत आल्या, मला खांद्याला धरून बाजूला सारलं आणि माझ्या जागेवर, लेकाच्या समोर बसल्या. त्याच्या तोंडासमोर तोंड आणलं.

“माज्यावर रागावला न्हाईस न्हवं?” त्यांनी विचारलं.

हे त्यांच्या तोंडाकडं बघत होते. म्हणाले, “न्हाय, आये.”