लिव्हरवर्ट आणि वटवाघळातलं साम्य

मी विश्रामबागच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. तपासणी समिती येणार म्हणून प्राचार्यांनी फर्मान काढलं, दोन-दोन विभागांनी मिळून एकेक फलक करायचा. आमच्या वाट्याला प्राणिशास्त्र आलं. तिथले सर विट्याचे. स्टाफरूममधल्या पंख्यावरून आमचं वाजलं होतं आणि तेव्हापासून आम्ही शिपायामार्फतच बोलायचो. विषय ठरवतानाही कुणी माघार घेईना. मी लिव्हरवर्टवर अडले, ते वटवाघळावर.

"उत्तम," प्राचार्य म्हणाले. "दोघांची तुलना करा."

कडेगावला माझ्या काकांच्या मळ्यात दोन्ही होतं. विहिरीच्या ओल्या दगडांना चिकटलेली, चपटी, हिरवी, ना मूळ ना फूल अशी शेवाळासारखी वनस्पती, ते माझं लिव्हरवर्ट. शेजारच्या वडावर सरांची फळखाऊ वटवाघळं उलटी लटकलेली. सर मान वर करून त्यांचे गुण सांगत होते, तेवढ्यात वरून त्यांच्या शर्टावर अभिप्राय पडला.

काकांनी बादली पुढे केली. "आवं सर, या दोगांत सारकं काय हाय?"

"तेच शोधतोय," सर शर्ट चोळत म्हणाले.

मला हसू आवरेना. मग तेही हसले.

काठावर बसून आम्ही लिहायला घेतलं. फरकांना तोटा नव्हता. साम्य मात्र एकच भरीव निघालं. विहिरीतल्या त्या लिव्हरवर्टातही नर वेगळा, मादी वेगळी. आणि वटवाघळासारखीच त्याचीही नरपेशी शेपटीच्या जोरावर पोहत मादीपेशीकडे जाते.

"मॅडम, हे लय भारी आहे," सर म्हणाले. शिपायाला मध्ये न घेता ते माझ्याशी बोलत होते, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

प्राचार्यांनी फलक वाचला आणि चष्मा काढला. "हे पोहणं काढा. समितीबरोबर पालकही येणार आहेत."

"सर, पण साम्य तेवढंच आहे," मी म्हटलं.

"मग दोघंही शाकाहारी आहेत असं लिहा."

"लिव्हरवर्ट काहीच खात नाही."

"मग तर उपवासच झाला. आणखी चांगलं."

समितीला फलक फार आवडला. एका सदस्यांनी शाकाहाराच्या ओळीसमोर उभं राहून फोटो काढून घेतला आणि आम्हाला पहिला क्रमांक मिळाला. वगळलेली ओळ आम्ही दोघं आता आपापल्या वर्गात शिकवतो. पोरं खाली मान घालून हसतात, पण परीक्षेत उत्तर कुणाचंच चुकत नाही.