व्हर्नानं बसवलेले आटे

मिठाच्या ढिगाशेजारी उभ्या असलेल्या ट्रेलरचं चाक माझ्या डोळ्यांदेखत निसटलं, तेव्हा ट्रेलर जागचा हललाही नव्हता. मी लोडरची तिसरी बकेट त्यात रिकामी केली आणि मागच्या बाजूनं कट्‌ असा आवाज आला. थोड्या वेळानं आणखी दोन. खाली उतरून बघतो तर रिम टायरसकट तिरकी होऊन लटकलेली, आणि तीन बोल्ट जमिनीवर. तुटलेले नव्हते. अख्खेच्या अख्खे बाहेर आले होते आणि त्यांच्या आट्यांभोवती स्टीलच्या बारीक तारेचं वेटोळं तसंच गुंडाळलेलं होतं. त्याला पांढरी भुकटी चिकटली होती, ओल्या पिठासारखी.

मी ते बोल्ट रुमालात बांधले आणि जेवणाच्या सुट्टीत व्हर्नाकडे गेलो. आमच्या किनाऱ्यावर कुणाचे आटे गेले की तो व्हर्ना पेनहेलकडेच जायचा.

जुन्या मासळी कारखान्याच्या मागे तिची पत्र्याची शेड. बापाकडून लेथ शिकली, बाप गेल्यावर एकटीनं शेड चालवली. वय सत्तावन्न, अंगानं काटक, बोलणं कमी. लग्न का केलं नाहीस असं कुणी विचारलं तर म्हणायची, "एक लेथ घोरतोय तेवढं पुरे." अडकलेला बोल्ट ती कधी जोर लावून काढायची नाही. थोडा गरम करायची, थोडा ठोकायची, मग पेस्टी, म्हणजे मटण-बटाटा भरलेली भाजकी करंजी, खात बसायची, आणि पेस्टी संपेपर्यंत बोल्ट सैल झालेला असायचा.

मी रुमाल सोडला. तिनं बोल्ट उचलला, भुकटी नखानं खरवडली आणि जिभेला लावली.

"मीठ," ती म्हणाली. "केल, चाक कुठं आहे?"

"मिठागरावर. नोस्केच्या ट्रेलरचं."

"दाखव."

ते चाक म्हणजे सहा जाड आऱ्यांचं ओतीव अ‍ॅल्युमिनियम. प्रत्येक आऱ्याच्या टोकाला एक भोक, भोकात आटे, आट्यांत पोलादी बोल्ट, आणि त्या बोल्टांनी बाहेरची रिम धरून ठेवलेली. व्हर्ना गुडघ्यावर बसली, एका भोकाभोवतालची घाण तिनं अंगठ्यानं पुसली. भोकाच्या कडेला पंचनं मारलेले तीन ठिपके होते. त्या ठिपक्यांवरून तिनं बोट फिरवलं. उत्तरेचा गरम वारा सुटला होता आणि मिठाचे कण आमच्या कानांत जात होते.

"हे माझं काम आहे," ती म्हणाली.

नऊ वर्षांपूर्वी मिठागराच्या मालकानं, ग्रॅम नोस्केनं, मीठ वाहायला बारा जुने ट्रेलर आणले होते. त्यांच्या बहुतेक चाकांचे आटे गेलेले. व्हर्नानं अख्खा उन्हाळा त्यावर काढला. खराब झालेलं भोक ड्रिलनं मोठं करायचं, नवे आटे पाडायचे, त्यात तारेचं वेटोळं फिरवून बसवायचं, म्हणजे बोल्टाला पुन्हा धरायला जागा मिळते. काम चोख होतं. फक्त स्टीलच्या तारेत आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये एक पिवळा लेप लावावा लागतो, दोन धातूंची गाठ पडू नये म्हणून. दुसऱ्या आठवड्यात तो लेप संपला. अ‍ॅडलेडच्या दुकानानं तीन आठवडे लागतील म्हणून सांगितलं. धक्क्याला जहाज लागलेलं, आणि नोस्के रोज सकाळी शेडच्या दारात.

"तेव्हा मी ग्रीस लावलं," व्हर्ना म्हणाली. "चाकावरचं साधं ग्रीस. मला ठाऊक होतं की ते वाळतं. एकदा वाळलं की खारं पाणी आत शिरतं, आणि मग स्टील अ‍ॅल्युमिनियमला आतून खात बसतं. वरनं काही दिसत नाही. बोल्ट घट्टच लागतो."

"किती भोकांना?"

"सगळ्यांना. पहिला दीड आठवडा सोडून."

आम्ही तडक नोस्केच्या ऑफिसात गेलो. नोस्के वाईट माणूस नव्हता, पण त्याचं जहाज पुन्हा धक्क्याला लागलं होतं.

"नऊ वर्षं टिकलं की," तो म्हणाला. "माझं लग्नसुद्धा इतकं टिकलं नाही."

"ग्रॅम, गाड्या थांबव."

"शुक्रवारी थांबवतो. जहाज भरू दे."

"आज."

"व्हर्ना, तू आटे बघ, गाड्या मी बघतो. एक चाक ढिलं झालं म्हणून सगळं गाव बंद करू का?"

व्हर्ना बाहेर पडली, अंगणात उभ्या असलेल्या भरल्या ट्रेलरपाशी गेली, खिशातून पाना काढून एक बोल्ट अर्धा फेरा ढिला केला. मग पाना खाली ठेवला आणि दोन बोटांनी बोल्ट ओढला. तो तारेसकट सरळ हातात आला. भोकातून पांढरी भुकटी सांडली. शेजारचा बोल्टही तसाच आला. नोस्के दारातून बघत होता. तिसऱ्या बोल्टाला तिनं हात घातला, तेव्हा तो म्हणाला, "बस. पुरे." आणि आत जाऊन त्यानं वायरलेस उचलला.

दुपारी दोनपर्यंत दहा ट्रेलर अंगणात येऊन उभे राहिले. व्हर्नानं ते दोनदा मोजले.

"बारा होते," ती म्हणाली.

"दोन गेल्या वर्षी स्टामाटीला विकले," नोस्के म्हणाला. बोलताना त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

स्टामाटीला सगळेच ओळखायचे. त्याच्या बापाची मासेमारीची बोट होती. स्टामाटीला बोट लागायची, म्हणून तो ट्रककडे वळला. सुगीत तो उत्तरेच्या कोठारांतून गहू भरून दक्षिणेच्या बंदराला न्यायचा, दोन्ही ट्रेलर एकामागं एक जोडून, आणि सुगी ऐन भरात होती. व्हर्नानं त्याला फोन लावला. लागला नाही. त्या पट्ट्यात कुणाचाच लागत नाही. नोस्केनं पोलिसांना कळवलं, पण सर्वांत जवळची चौकी आमच्यापेक्षा लांब होती. मी माझी गाडी काढली.

स्टामाटीच्या नेहमीच्या वाटेवर आम्ही शंभर किलोमीटर गेलो. धुळीमुळे सूर्य तांब्यासारखा दिसत होता. व्हर्ना समोरून येणाऱ्या प्रत्येक ट्रककडे बघायची आणि तो स्टामाटीचा नाही असं दिसलं की पुन्हा मांडीवरच्या हातांकडे.

एकदा मी म्हणालो, "कदाचित त्याचं काही होणारही नाही. तो मीठ वाहत नाही आता."

"मीठ आतच आहे, केल. गहू वाहिला म्हणून ते बाहेर येत नाही."

चौफुलीवरच्या पेट्रोल पंपावर थांबलो. काउंटरवरची बाई म्हणाली, "स्टामाटी? आत्ता गेला की, दक्षिणेच्या रस्त्यानं. वीस मिनिटं झाली असतील. अंड्याचं सँडविच घेतलं आणि नेहमीसारखा भाव केला."

व्हर्ना तोवर बाहेर गेली होती. ट्रक उभे राहतात त्या खडीत ती वाकून चालत होती. ती परत आली तेव्हा तिच्या मुठीत एक बोल्ट होता, भोवती तारेचं वेटोळं. बोल्ट अजून कोमट होता.

"एका चाकाला सहा असतात," ती म्हणाली. "चारावर चालतं. तीनावर नाही."

मी गाडी कधी इतकी पळवली नव्हती. तीसेक किलोमीटरवर रस्त्यावर एक पांढरी रेघ सुरू झाली, डांबर खरवडल्यासारखी. आधी बारीक, मग वीतभर रुंद. ती डावीकडे सरकत गेली आणि रस्त्याखाली उतरली. पुढं वळण होतं. वळणापलीकडे गहू दिसला. अख्खा रस्ता पिवळा झाला होता आणि गुलाबी काकाकुवांचा थवा त्यावर उतरून निवांत टिपत होता. मागचा ट्रेलर आडवा पडलेला. त्यानं पुढच्यालाही ओढून नेलं होतं, आणि ट्रकची केबिन खड्ड्यात कुशीवर होती.

स्टामाटी शुद्धीवर होता. त्याचा उजवा पाय चेपलेल्या दारात अडकला होता. व्हर्ना फुटलेल्या काचेतून अर्धी आत शिरली, कमरेचा पट्टा काढून तिनं त्याची मांडी आवळली. मी मिठागराचा वायरलेस घेऊन टेकाडावर चढलो आणि मदत मागितली. परत आलो तेव्हा ती त्याला सांगत होती.

"स्टामाटी, ते आटे मी बसवले होते. लेप संपला होता. मी ग्रीस लावलं."

त्यानं मान तिच्याकडे वळवली. चेहरा राखेसारखा झाला होता.

"आणि हे तू मला आत्ता सांगतेस?"

"मला आज कळलं."

"ग्रीस लावताना कळलं नव्हतं?"

व्हर्नानं पट्टा आणखी आवळला.

"पाणी दे," तो म्हणाला. "आणि बोलू नकोस."

दवाखान्याचं विमान यायला दीड तास लागला. ते रस्त्यावरच उतरलं, गव्हाच्या थोडं अलीकडे. तेवढा वेळ तिनं त्याच्या मांडीवरचा पट्टा धरून ठेवला. स्टामाटी वाचला. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

चौकशी झाली. व्हर्नानं सगळं स्वतःहून लिहून दिलं. नोस्केच्या वकिलानं तो कागद पुन्हा पुन्हा पुढं केला, तरी चौकशीवाल्यांनी दोष वाटून टाकला. ट्रेलरची तपासणी कुणीच वेळेवर केली नव्हती, विकतानाही नाही आणि घेतल्यावरही नाही. व्हर्नावर खटला भरावा असं त्यांना काही सापडलं नाही. गावातले लोक तिला म्हणाले, चला, सुटलीस. ती लेथ सुरू करायची.

त्या हिवाळ्यात तिनं दहाही ट्रेलरचं प्रत्येक भोक पुन्हा उघडलं. या वेळी तार नाही, जाड भिंतीचे बुश, म्हणजे आतून-बाहेरून आटे पाडलेल्या आखूड नळ्या, आणि पिवळा लेप बोटानं आतपर्यंत. दुसरं कुठलंही काम घेतलं नाही. स्टामाटी घरी आल्यावर ती दोनदा भेटायला गेली. पहिल्यांदा त्याच्या बायकोनं, क्रिसूलानं, दार उघडलं आणि तो झोपलाय म्हणून सांगितलं. दुसऱ्यांदा तो ओसरीवरच बसला होता. व्हर्ना फाटकाशी उभी राहिली. त्यानं कुबडी उचलून भिंतीला नीट टेकवली आणि समुद्राकडे तोंड केलं. ती परत आली.

ऑगस्टमध्ये, इकडचा हिवाळा सरताना, शेवटचं चाक झालं. त्या दुपारी मी शेडमध्ये गेलो तर ती कामाच्या टेबलाशी नुसतीच बसली होती. पेस्टी तशीच कागदात गुंडाळलेली.

"झालं ना सगळं?" मी विचारलं.

"नोस्केचं झालं." तिनं पेस्टी बाजूला सारली. "लेप संपला त्या उन्हाळ्यात मी फक्त नोस्केचंच काम करत नव्हते, केल. धक्क्यावरच्या क्रेनचा पंप होता. शाळेच्या बसचा गिअरबॉक्स होता. ते दोन्ही मी बघून आले, आटे बदलले. हॅनाफोर्डच्या बोटीचं इंजिन तर कधीच भंगारात गेलंय."

"मग?"

"एक माणूस आला होता. बाहेरगावचा, उंच. घोडे न्यायचा ट्रेलर होता, याच जातीची चाकं. घाईत होता. अकरा भोकं केली मी त्याची. मागं एक तपकिरी घोडी होती आणि एक मुलगी तिला बिस्किटं भरवत होती." तिनं हाताचे तळवे पँटला पुसले. "नाव विचारलं नाही मी. गाडीचा नंबर बघितला नाही. पश्चिमेकडे जायचंय म्हणाला."

"ट्रेलर मोडीतही गेला असेल एव्हाना."

"असेल," व्हर्ना म्हणाली.

बाहेर वाऱ्यानं पत्रा वाजत होता. ती उठली, भिंतीवरचा नकाशा काढून टेबलावर पसरला, आणि आमच्या गावापासून पश्चिमेकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या पहिल्या गावाखाली पेन्सिलीनं रेघ ओढली. सोमवारपासून ती एकेका गावाला फोन करू लागली. अजून करते आहे.