पाहुण्यांसाठी घासलेली विहीर

आज माझी फजिती माझ्याच तोंडाने सांगते. हसायचं तर खुशाल हसा, पण पेल्यातला चहा सांडू नका. आमच्याकडे पाणी जपून वापरावं लागतं. का, तेच तर सांगतेय.

रेवसच्या रस्त्याला, आमच्या वाडीला खेटून एक पेट्रोल पंप होता. बंद पडून वर्षं झाली. यंत्रं गेली, छप्पर गेलं, पण जमिनीत पुरलेल्या टाक्या मालकाने तशाच ठेवल्या. त्या गंजल्या, झिरपल्या, आणि आमच्या विहिरीच्या पाण्यावर इंद्रधनुष्य तरंगायला लागलं. डाळ शिजवा, रॉकेलचा वास. कुंपणाकडचं गवत जळालं, शेवगा उभा वाळला. नळ येतो तिसऱ्या दिवशी, धार करंगळीएवढी.

पंपाच्या शेठला सांगायला गेले तर म्हणतो, "काकी, वास तुमच्या नाकात हाय, पाण्यात न्हाय."

मी शाळेची पायरी चढलेली नाही. चाळिशीत वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचत अक्षरं शिकले. पण अर्ज असे लिहिले की कचेरीतला कारकून मला लांबून बघितलं की जेवायला उठायचा. मग सकाळचे दहा का वाजलेले असेनात. दोन वर्षांनी पत्र आलं: मंगळवारी मॅडम येतील, विहिरीचं पाणी आणि कुंपणाजवळची माती तपासायला नेतील. त्यात तेल सापडलं, तर शेठला टाक्या उपटून सगळं साफ करून द्यावं लागेल.

आता तुम्हीच सांगा, सरकारी माणसं दारात येणार आणि विहिरीवर तवंग? कसं दिसतं ते?

सोमवारी पाण्याची मोटर लावून विहीर तळापर्यंत उपसली. मुलाला आत उतरवून कडा काथ्याने घासून घेतल्या. सकाळपर्यंत झऱ्यांचं ताजं पाणी चढलं, त्यात ब्लीचिंग पावडर टाकली. कुंपणाजवळची काळी तेलकट माती खरवडून लांब फेकली, तिथे डोंगरची लाल माती ओतली, चोपली, वरून शेणाने सारवलं. रांगोळीसुद्धा घातली, हसू नका.

सुनीता, माझी सून, दोनदा म्हणाली, "आई, आहे तसं राहू दे ना." तिला म्हटलं, तुझ्या माहेरी चालत असेल.

मॅडम आल्या. पोरगीच. हातमोजे, काचेच्या बाटल्या, बर्फाची पेटी. रांगोळी ओलांडून आधी विहिरीशी गेली. बादली काढून वास घेतला. परत घेतला. मग माझ्याकडे वळली.

"आजी, विहीर फारच स्वच्छ दिसते. हल्ली उपसलीत का?"

इथे देवाने माझी जीभ आखडायला हवी होती. पण पाहुण्याने पोह्यांचं कौतुक केलं की आपण काय म्हणतो? मुद्दाम काही केलं नाही, रोजचंच आहे. तीच सवय.

"छे! तुमच्यासाठी मुद्दाम कशाला? आमची विहीर बारा महिने अशीच असते."

सुनीताने तोंड उघडलं. मी डोळे वटारले. तिने मिटलं.

पोरीने ते शब्दन् शब्द लिहून घेतलं. सारवलेल्या जागेतून माती भरली. मग कागद पुढे करून म्हणाली, "आजी, अंगठा की सही?"

या प्रश्नाची मी कैक वर्षं वाट बघत होते. पेन हिसकावूनच घेतलं.

आठ दिवसांत इंद्रधनुष्य परत आलं, आणि दीड महिन्याने अहवाल. पाण्यात तेल आढळले नाही. मातीत तेल आढळले नाही. शेणखताचे प्रमाण उत्तम.

शेठ पेढे घेऊन आला. म्हणाला, "काकी, तुम्ही होतात म्हणून वाचलो." पेढा खाल्ला मी. न खाऊन काय करणार? पण वरून पाणी प्यायला मात्र त्याच्याच घरी पाठवलं त्याला.

तेव्हापासून परत अर्ज करतेय. प्रत्येक अर्जाला उत्तर म्हणून त्याच कागदाची झेरॉक्स येते. 'विहीर उपसलेली नाही, बारा महिने अशीच स्वच्छ असते.' खाली सही, हिराबाई.

आणि सही काय सुंदर आलीय म्हणून सांगू. एक काना इकडचा तिकडे नाही.